चाकातला लाल रंग

ह्यांनी ब्रेक दाबला आणि पाय सरळ खाली गेला. उड्डाणपुलाचा उतार होता, पुढे सिग्नलला बस उभी. "अगं, लागत नाहीये," एवढंच म्हणाले. हँडब्रेक ओढला, गाडी डावीकडे कठड्याला घासत नेली. तरी बसचा मागचा कोपरा आत घुसला, तो त्यांच्या बाजूने.

कोजागरीची दुपार होती. आम्ही खिदिरपूरहून सॉल्ट लेकला मुलाकडे चाललो होतो.

हे कस्टममध्ये होते. निवृत्त झाल्यावर आम्ही इथेच राहिलो. नवरात्राच्या आधीपासून ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढायची. ह्यांनी मुलाला सांगितलं, तो गाडी घेऊन गेला. खंडेनवमीच्या आत परत आण, पूजा करायची आहे, असं मी त्याला बजावलं होतं. दुर्गापूजेत इथली गॅरेजं बंद असतात हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं असं नाही. तरी बजावलं. ती माझी चूक, लपवत नाही.

अष्टमीला गाडी आली. चाकाच्या जाळीतून आत लालभडक काहीतरी दिसत होतं. तो कॅलिपर, ब्रेक आवळणारा लोखंडी भाग, असं मुलाने सांगितलं.

"ब्रेकचं काम झालं ना रे?" ह्यांनी विचारलं.

"झालं बाबा. बघा की, कसं दिसतंय."

हे वाकून बघायला लागले. जन्मभर लोकांच्या पेट्या उघडून बघण्यात गेलेला माणूस. मी म्हटलं, आता साहेब सील तोडणार. ते हसले. "घरच्या मालाला तपासणी नसते," म्हणाले आणि उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी चारही चाकांना हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. तो लाल रंग बघून मलाही बरं वाटलं होतं. नवं आहे असंच वाटलं.

हे गेल्यानंतरचे बारा दिवस घरात माणसं येत होती. मुलगा दाराशी बसून प्रत्येकाला एकच सांगायचा. बाबांचं वय झालं होतं, घाबरून ब्रेकच्या जागी दुसरंच दाबलं असेल. मी आतून ऐकत होते. मलाही दोन दिवस शंका आली, हे लिहायला लाज वाटते.

तेराव्यानंतर मी आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेले. मोडलेली गाडी त्याच्याकडेच आणून टाकली होती. तो खाली बघत हिंदीत बोलला. मुलगा पूजेआधी आला होता. एका कॅलिपरमधून तेल गळतंय, चालवू नका, लक्ष्मीपूजेनंतर, म्हणजे इथल्या कोजागरीनंतर, दुरुस्त करतो, असं त्याला सांगितलं होतं. मग त्याने मला चाकं दाखवली. तीन कॅलिपर लाल, चकचकीत. चौथ्याच्या रंगाला फोड येऊन सालं निघाली होती आणि खाली ओलं होतं. "ब्रेकचं तेल रंग खातं, मासिमा," म्हणाला.

मी तशीच सॉल्ट लेकला गेले. मुलाने नाकारलं नाही. स्वतःच्या गाडीचे कॅलिपर रंगवून डबा उरला होता, म्हणाला. गॅरेज बंद, बाबांना धीर नाही, तुला पूजेला गाडी हवी. म्हटलं, निदान छान दिसेल, थोड्या दिवसांनी काम करून घेऊ. मग राहून गेलं.

"आणि त्यांनी दुसरंच दाबलं म्हणून सांगत होतास ते?"

त्याने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "आई, आता ते लोकांना सांगून बाबा परत येणार आहेत का?"

मी चहा न घेता निघाले. त्यानंतर त्याच्या घरी गेलेली नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण एवढं मला लिहिता येतं. त्यांचा पाय ब्रेकवरच होता. मी शेजारी बसले होते, मी बघितलं. गाडीत आम्ही दोघं होतो. मी वाचले.