अंगातला राखणदार

रत्नागिरीत संधिवाताच्या डॉक्टरांकडे मंडणगडकडची एक बाई माझ्या शेजारी बसली होती. सुजलेली बोटं पदरात धरून म्हणाली, "गावचा राखणदार देव फिरला म्हणून आमी त्याला कोंबडा दिला. डाक्तर म्हणतो, रोगाशी लढणारी अंगातली ताकदच चुकलेय, आपल्याच सांध्यांना वैरी समजून खातेय. म्हणजे राखणदार फिरलाय खरा, पण गावचा नाय, माझ्या आतला!" आणि हसली.

"तुमचं कोण?"

"बायको. आत तपासतायत. सकाळी तिची बोटं वळायची नाहीत. मी तिला आळशी म्हणायचो."

अनोळखी बाईला हे सांगणं सोपं गेलं.

"तिची माफी मागितलीत?"

"नाही."

"मग मला काय सांगताय?" बोट सरळ होईना, म्हणून तिनं हनुवटीनंच आतलं दार दाखवलं.