साडूंची अर्धी कॅसेट

स्वतःच्या आयुष्यात पुढे काय करायचं, हे दुसऱ्याच्या चरित्रात बघून ठरवणारा माणूस अख्ख्या लालबाग-परळात एकच, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ते चरित्र कुणा गाववाल्याचं असतं तर मला निदान समजलं असतं. पण ते होतं विलायतेतल्या एका रॉक वादकाचं. हा गृहस्थ चार-चार कीबोर्ड भोवती मांडून वीस-वीस मिनिटांची गाणी वाजवायचा. साडू त्याला नुसतं 'साहेब' म्हणत. त्यामुळे लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी त्याला त्यांच्या ऑफिसातला वरिष्ठ समजत होतो, आणि सारखा सोडून जाणाऱ्या माणसाला हे लोक परत घेतात कसे, याचं मला कोडं पडलं होतं.

साडू दिवसा गोदीत कारकून आणि संध्याकाळी हळदीला वाजवणाऱ्या बेंजो पार्टीत कीबोर्डवर. साहेबाची कहाणी त्यांनी मला पन्नास वेळा सांगितली असेल आणि पन्नासही वेळा माझा गोंधळ उडाला. आईने पियानोला बसवलं, त्याने कॉलेज सोडलं, बँडमध्ये गेला, इथपर्यंत मी ठीक असे. मग साहेब बँड सोडी. मग बँडच साहेबाला सोडी. मग जुन्या नावाने नवी माणसं वाजवत आणि नव्या नावाने जुनी, आणि साहेब दोन्हींकडे कसा, असं विचारलं की साडू म्हणत, "साडूभाऊ, तुमी लक्षच देत नाय."

साहेबाने बँड सोडला की साडूही पार्टी सोडत. कुणाशी भांडण नाही, काही नाही, तत्त्वाचा प्रश्न. अडचण एवढीच, की साहेबाची खबर त्यांना फुटपाथवरच्या जुन्या इंग्रजी मासिकांतून मिळे, तीही आठ-दहा वर्षं शिळी. साहेब तिकडे परत येऊन, दोन रेकॉर्डी काढून पुन्हा बाहेर पडलेला असे, तेव्हा साडू इकडे पहिल्यांदा राजीनामा देत. एकदा दोन अंक एकदम हाती लागले. सकाळी पहिला वाचून त्यांनी पार्टी सोडल्याचं घरात जाहीर केलं, जेवण झाल्यावर दुसरा वाचला आणि संध्याकाळी काळाचौकीच्या हळदीला वेळेवर हजर. पार्टीच्या मालकाला ते गेल्याचं कळलंच नाही.

घर दहा बाय बाराचं. त्यात साहेबासारखी तीन बाजूंनी वाद्यं: एक पेटी, एक मोठा कीबोर्ड आणि इस्त्रीच्या टेबलावर मुलीचा खेळण्यातला छोटा. चौथ्या बाजूला भिंत होती. गॅसकडे जायला माझ्या मेव्हणीला मोठ्या कीबोर्डखालून वाकून जावं लागे. आमटीचं पातेलं सांभाळत ती बाई पंचवीस वर्षं खालून ये-जा करत होती. "त्या सायबाची बायको स्वयंपाक कुठे करते, ते नाय का छापून येत?" एवढंच ती कधीतरी विचारी.

साहेबाचं सगळ्यात लांब गाणं मात्र साडूंना अर्धंच येई. दादरच्या एका मित्राने ते कॅसेटवर उतरवून दिलं होतं आणि ऐन रंगात आलं की कॅसेटची बाजू संपायची. खट्. मित्र पुढे परगावी गेला तो गेलाच. साडू तिथपर्यंत बिनचूक वाजवत आणि हात हवेत धरून थांबत. एका हळदीत त्यांनी ते मध्येच घुसवलं, तेव्हा नाचणारा नवरीचा मामाही दोन्ही हात वर करून तसाच थांबला. दुसरं गाणं सुरू होईपर्यंत त्याने ते खाली घेतले नाहीत.

यंदा साडूंच्या डाव्या हाताची दोन बोटं मिटली ती उघडेनात. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. हात कामापुरता होईल, वाजवण्याचं सांगता येत नाही, हेही सांगितलं. साडूंचा मला फोन आला. "रविवारी दुपारी या. त्या गाण्याला शेवट लावलाय मी. हात जायच्या आत कुणीतरी ऐकला पायजे." मी 'येतो' म्हणालो, पण माझी पंचाईत झाली. कारण ते पूर्ण गाणं आदल्याच आठवड्यात मी मोबाईलवर शोधून ठेवलं होतं. ऐकलं नव्हतं, तेवढा वेळ माझ्याच्याने बसवलं नसतं. पण साडू खूश होतील असं वाटलं होतं.

रविवारी ते वाजवायला बसले. खट्ची जागा आली तशी मी सवयीने पाणी प्यायला उठलो, तर साडू पुढे गेले. त्यात विलायती काहीच नव्हतं. एकाच हाताने, सावकाश, मुलगी लहान असताना मेव्हणी म्हणायची तो पाळणा होता, असं मला वाटतं, खात्री नाही. मग ते थांबले. संपलं की नुसतं थांबलं, कळेना. साडू माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. टाळी वाजवावी तर मध्येच वाजायची. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते योग्य जागी आलं की नाही, तेही समजत नव्हतं. शेवटी मेव्हणीच म्हणाली, "झालं ना? मी जाऊ खालून?"

"झालं," साडू म्हणाले.

मी मोबाईल काढला. "साडूभाऊ, खरा शेवट यात आहे. लावू?"

त्यांनी त्या मोबाईलकडे पाहिलं. ऐकायचं होतं त्यांना, चेहऱ्यावर दिसत होतं. "आधी साहेबाला माझा ऐकवा," ते म्हणाले. "मग बघू."

ऑपरेशन झालं. बोटं आता उघडतात, पेला धरतात, पण पट्ट्यांवर धावत नाहीत. तिन्ही वाद्यं साडूंनीच माळ्यावर चढवायला लावली. साहेबाने पुन्हा सोडलं की काय, असं मी विचारलं. "नाय," ते म्हणाले. "या टायमाला मी पयला."

घर एकदम मोठं झालंय. परवा मी गेलो तेव्हा मेव्हणी चहा ठेवायला उठली, मोकळ्या खोलीच्या मधोमध आली आणि मोठा कीबोर्ड जिथे असायचा तिथे वाकून पलीकडे गेली.