पनागरची जीप आणि माझ्या खिशातला फ्यूज

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या प्रत्येकाला मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आलो आहे – "तुम्ही स्वतः तपासून पाहिलेत का?" बहुतेकांची गोष्ट तिथेच संपते. मोटारींच्या विजेचे काम करण्यात माझा जन्म गेला. दिवा लागत नसेल तर तार तुटली असेल, बॅटरी उतरली असेल किंवा फ्यूज गेला असेल; याहून निराळे कारण मी कधी मानले नाही आणि आजही मानत नाही. तरीही लिहायला बसलो आहे, कारण गेल्या महिन्यात याच सदरात माझ्या भाच्याने, अविनाशने, आमच्या घरातली एक घटना लिहिली आणि तिची पार वाट लावली.

अविनाश पुण्यात असतो, कॉम्प्युटरचे काम करतो, हुशार आहे. परंतु ती घटना घडत असताना तो जबलपूरच्या शाळेत वर्गात बसलेला होता. त्याने लिहिले आहे की अमावास्येची रात्र होती. नव्हती, टळटळीत दुपार होती. त्याने लिहिले आहे की रस्त्याच्या कडेला पांढऱ्या साडीतली बाई उभी होती. पनागरच्या रस्त्याला त्या दुपारी भाजीच्या गाड्या आणि सायकलवाले होते. त्याने लिहिले आहे की जीप ड्रायव्हरशिवाय चालत आली. जीप माझे भाऊजी चालवत होते, आणि नेहमीप्रमाणे वाईट चालवत होते. जे खरोखर घडले ते या सगळ्यापेक्षा मोठे आहे. त्याला असले कपडे चढवण्याची गरज नाही.

आणीबाणी उठून काही वर्षे लोटली होती. आमचे घराणे मूळचे अमरावतीकडचे. वडील नोकरीसाठी जबलपूरला आले, पुढे राज्ये नव्याने आखली गेली, विदर्भ तिकडे गेला आणि आम्ही इकडेच राहिलो. नेपियर टाउनमध्ये माझे वर्कशॉप होते. थोरली बहीण सुमनताई, म्हणजे अविनाशची आई, जबलपूरजवळच्या पनागरला दिली होती. भाऊजींची तिथे भाजीची शेती होती आणि एक जुनी पेट्रोल जीप होती, जी सकाळी चालू व्हायला जावयासारखा मान मागत असे.

त्या काळी गाड्यांमध्ये ठिणगी पाडण्याचे काम पॉइंट करीत – धातूचे दोन लहान तुकडे, जे सतत उघडझाप करून जळत आणि वारंवार घासावे लागत. मी त्यावर एक इलेक्ट्रॉनिक पेटी तयार केली होती. जड प्रवाह पॉइंटांऐवजी ट्रान्झिस्टर सांभाळणार, पॉइंट जळणार नाहीत, ठिणगी जोरकस पडणार. पेटीच्या वाटेत मी एक फ्यूज बसवला होता. फ्यूज म्हणजे काचेच्या नळीतली बारीक तार. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ती स्वतः जळते आणि बाकीची गाडी वाचवते. जबलपूरमध्ये असे काम तेव्हा दुसरा कोणी करत नव्हता. कोणाला शंका असेल तर त्याने त्या वेळच्या कोणत्याही मिस्त्रीला विचारावे.

होळीच्या आधीचे दिवस होते. सकाळी मी पनागरला जाऊन भाऊजींच्या जीपला ती पेटी जोडली, डॅशबोर्डखाली, शेजारच्या सीटवर बसणाऱ्याच्या गुडघ्यासमोर. जुनी जोडणी पूर्ण काढून टाकली. आता ठिणगीसाठी वीज वाढवणाऱ्या कॉइलपर्यंत वीज जाण्याचा मार्ग एकच होता : बॅटरी, चाबी, फ्यूज, पेटी. परंतु पेटीमागे बसवायची ॲल्युमिनियमची जाड पट्टी अजून कापायची होती. ती मी वर्कशॉपमध्ये विसरलो नव्हतो – अविनाशने इथेही 'मामा विसरले' असे लिहिले आहे. ट्रान्झिस्टरची उष्णता ती पट्टी खेचून घेते. तिच्याशिवाय पेटी थोड्याच वेळात हात भाजेल इतकी तापून मरते.

म्हणून मी माझ्या नियमाप्रमाणे फ्यूज काढला आणि शर्टाच्या खिशात घातला. काम अपुरे असेल तर फ्यूज माझ्याबरोबर घरी येतो. आमच्या भागातल्या मंडळींना फ्यूज गेला की सिगरेटच्या पाकिटातली पन्नी गुंडाळून गाडी चालू करण्याची फार हौस होती, आणि त्या हौसेत किती गाड्यांच्या तारा जळाल्या हे मी पाहिले होते.

ताई ओट्यावर शेंगा निवडत होती. तिने विचारले, "ते काय खिशात घालून राहिला?"

"फ्यूज. आता ही गाडी ब्रह्मदेवानं जरी चाबी फिरवली तरी लागणार नाही."

"म्हणजे आमच्यावर भरोसा नाही."

"तुझ्यावर आहे. तुझ्या नवऱ्यावर नाही."

"मंडीतून आले की सांगते त्यांना, तुमचा साळा काय म्हणून राहिला ते."

"जरूर सांग. पन्नीचंही सांग."

मी बसने परतलो आणि वर्कशॉपमध्ये पट्टी कापायला बसलो. पुढचे मी भाऊजींच्या तोंडून ऐकलेले सांगतो. ताई मळ्याच्या टोकाला वाल तोडायला गेली. तिथल्या उंच झाडावर आग्या मोहोळ होते आणि ते उठले. गड्यांनी घोंगडी टाकून तिला बाहेर काढले तेव्हा तिचा चेहरा ओळखू येत नव्हता आणि श्वास शिट्टीसारखा वाजत होता. गावचे डॉक्टर लग्नाला बाहेरगावी गेलेले. भाऊजी नेमके तेव्हाच मंडीतून सायकलवर परतले. त्यांनी तिला उचलून जीपच्या मागच्या बाकावर निजवले. ती हाताने नाही नाही करीत होती. "लागणार नाही… फ्यूज… वसंतानं नेला." त्यांनी ऐकले नाही, चाबी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्याला लागले.

मी रस्त्यावरचा हॉर्न ऐकून बाहेर आलो, हातात टेस्ट लॅम्प होता. दुकानासमोर जीप धडधडत उभी. भाऊजींचा सदरा घामाने चिकटलेला.

"वसंतराव, बैसा लवकर. सुमनले मधमाशांनी फोडलं. दवाखाना कोणता, कुठून आत जाचं, मले काही समजून नाही राहिलं."

मी ताईकडे पाहिले. नंतर – हे मी लपवत नाही – मी इंजिनाकडे पाहिले.

"काहून उभे राहिले? बैसा ना!"

मी बसलो. जीप निघाली. गुडघ्यासमोर माझी पेटी होती आणि तिच्याशेजारी फ्यूजची जागा, पितळेच्या दोन रिकाम्या चिमट्यांची. मधे काही नव्हते. पन्नी नव्हती, तार नव्हती, खिळा नव्हता. मी बोट घालून पाहिले; मधून बोट आरपार गेले. खिशावर हात ठेवला. फ्यूज खिशात होता.

"गाडी कशी चालू केली, भाऊजी?"

"चाबीनं. आणखी कशानं करतात? तुम्ही रस्ता सांगा."

"उजवीकडे. पन्नी लावली?"

"अरे कोणती पन्नी? बायको मरून राहिली आन् हे पन्नी विचारून राहिले. भैया, हटो सामने से!" हे शेवटचे एका रिक्षावाल्याला.

टेस्ट लॅम्प म्हणजे दोन तारांना जोडलेला लहान बल्ब. मी एक तार जीपच्या लोखंडाला लावली आणि दुसरी पहिल्या चिमट्याला. बल्ब लागला, बॅटरीची वीज तिथवर येत होती. तीच तार दुसऱ्या चिमट्याला लावली. बल्ब काळा. पुन्हा लावली, दाबून धरली. काळा. त्या चिमट्याच्या पुढे वीज नव्हती, म्हणजे पेटीत नव्हती, कॉइलमध्ये नव्हती, प्लगपर्यंत तर प्रश्नच नव्हता. आणि इंजिन चालत होते.

नुसते चालत नव्हते. ती जीप मला ठाऊक होती. ती खोकत, अडखळत, शिव्या खात चालणारी गाडी होती. त्या दुपारी तिच्या आवाजात एकही सांधा नव्हता. नर्मदेच्या पाण्याला खोल डोहात जसा सलग, जड वेग असतो, तसा तो आवाज माझ्या तळपायांतून वर चढत होता. मी त्या इंजिनाला ऐकत होतो आणि जन्मभराचे शिकलेले सगळे माझ्या आत एका बाजूला सरकून उभे राहिले होते, एखादा मोठा माणूस खोलीत आल्यावर लहान माणसे उभी राहतात तसे. भीती वाटली असे अविनाशने लिहिले आहे. भीती वाटली नाही. टोपी असती तर मी काढली असती.

परंतु मागे ताईचा श्वास शिट्टी वाजवत होता आणि ती शिट्टी बारीक होत चालली होती. ज्या इंजिनाच्या चालण्याला आधारच नाही ते कोणत्याही क्षणी थांबू शकते. ते थांबले असते तर या गर्दीत दुसरे वाहन मिळेपर्यंत ताई राहिली नसती. माझ्या बुद्धीने एकच मार्ग दाखवला : फ्यूज बसव. पट्टीशिवायही पेटी दवाखान्यापर्यंत कशीबशी टिकेल. मी खिशातून फ्यूज काढला आणि चिमट्यांपाशी नेला.

"वसंता."

मागून आवाज आला. सुजलेल्या घशातून, घासून निघाल्यासारखा.

"हात… लावू नको."

मी वळून पाहिले. तिचे डोळे बंद होण्याइतके सुजले होते, पण त्या फटीतून ती माझ्या हाताकडे पाहत होती. त्या गाडीत दोघांनाच माहीत होते की ही गाडी चालू शकत नाही. ताईने लहानपणापासून मला दिलेली एकही आज्ञा मी वाद न घालता पाळलेली नाही. त्या दिवशी मी हात मागे घेतला.

दवाखान्याच्या दारात भाऊजींनी चाबी बंद केली आणि इंजिन शहाण्यासारखे थांबले. ताईला आत नेले, इंजेक्शने दिली, नाकाला ऑक्सिजन लावला. तिची छाती नीट वरखाली होऊ लागल्यावर मी बाहेर आलो आणि प्रथम पेटीवर तळहात ठेवला. पनागरपासून चालत आलेल्या, पट्टी नसलेल्या त्या पेटीचे कवच माठासारखे थंड होते.

मग मी चाबी फिरवली. स्टार्टर फिरला, कारण त्याची वीज वेगळ्या जाड केबलने जाते. इंजिन लागले नाही. पुन्हा फिरवली. नाही. भाऊजींना बसवले, त्यांनीही फिरवली. नाही. मग फ्यूज बसवला, आणि इंजिन तत्काळ लागले… नेहमीसारखे खोकत. पेटी पाहता पाहता तापू लागली. मी ते बंद केले.

आता ज्यांनी या सदराखाली शहाणपणा पाजळला आहे त्यांच्यासाठी. एका वाचकाने लिहिले आहे की तापलेले पेट्रोल इंजिन ठिणगीशिवायही काही वेळ चालू राहते. राहते, चाबी बंद केल्यावर काही क्षण, गचके देत. सकाळपासून उभे असलेले थंड इंजिन त्या प्रकाराने सुरू होत नाही, आणि चाबी बंद करताच थांबतही नाही. दुसऱ्याने लिहिले आहे की कोणीतरी तार जोडली असेल आणि मग काढली असेल. तार असती तर बल्ब लागला असता आणि पेटी तापली असती. तिसऱ्याने माझ्या वयाचा उल्लेख केला आहे. घटना घडली तेव्हा मी तरुण होतो, महाशय, आणि बल्ब माझ्या वयावर पेटत नाही.

भाऊजी शेवटपर्यंत म्हणत राहिले की कुलदेवीने गाडी आणली. मी देवीला नाकारत नाही; तिला मोटार मिस्त्रीचे काम लावायला मात्र माझे मन घेत नाही. पुढे कित्येक आठवडे मी ती जीप फ्यूज काढून चालू करण्याचा प्रयत्न केला. थंडीत केला, उन्हात केला, धक्का देऊन केला. धंद्यातली जाणती माणसे आणून दाखवली. एकदाही लागली नाही.

एक गोष्ट अविनाशच्या लेखात नाही, कारण ती त्याला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात ताईजवळ बसलो होतो. भाऊजी चहा आणायला गेले होते. तिचा चेहरा अजून भोपळ्याएवढा होता, पण श्वासाचा आवाज गेला होता.

"वसंता," ती म्हणाली, "कशी चालली रे ती?"

या बाईने लहानपणापासून मला हजार प्रश्न विचारले होते. पतंग का उडतो, विहिरीत आवाज का घुमतो, चंद्र बरोबर का चालतो. मला उत्तर येत नसे तेव्हा मी ते तयार करून देत असे आणि त्यावर भांडतही असे. त्या सकाळीही माझ्याजवळ दोन-तीन उत्तरे होती. गळती प्रवाह म्हणता आले असते, कॉइलमध्ये साठलेली वीज म्हणता आले असते. तिला ती पटलीही असती.

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिने मान वळवली. "पुन्हा म्हण."

"माहीत नाही, ताई."

ती हसायला लागली. सुजलेला ओठ फुटला आणि रक्त आले, तरी थांबेना. पलीकडून नर्स ओरडत आली, "दीदी, हँसिए मत, टाँका नहीं लगाना है मुझे." ताईने तोंडावर पदर धरला आणि पदराआड हसत राहिली, आणि मी तिच्या प्रत्येक हसण्याबरोबर आत जाणारा आणि बाहेर येणारा श्वास पाहत बसलो.

त्यानंतर ती पुष्कळ वर्षे जगली. तो प्रश्न तिने पुन्हा कधी विचारला नाही. तुमच्यापैकी कोणी विचारणार असेल तर माझे उत्तर तेच आहे, आणि त्यात अविनाशने किंवा आणखी कोणी भर घालू नये.