मागच्या दाराचा भाव

ताळाबाईंचा कशावरही चटकन विश्वास बसत नसे, स्वतःच्या उत्तरावरसुद्धा नाही. फळ्यावरचं बीजगणिताचं उदाहरण सुटलं, वर्गानं हुश्श केलं, की त्या खडू बोटांत फिरवत विचारायच्या, "ताळा?" मग आलेलं उत्तर परत समीकरणात घालायचं, दोन्ही बाजू सारख्या येतात का बघायचं, आणि त्यानंतरच वही मिटायची. हुबळीतल्या आमच्या मुलींच्या मराठी शाळेत त्या आठवीला गणित शिकवायच्या. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणी घेत नसे. एकदा तापातून उठून मी शाळेत आले आणि "बरी आहे आता," म्हणाले, तर त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "हं, जमला ताळा."

पुस्तकातल्या वाणसामानाच्या उदाहरणांवर त्यांचा फार राग. त्यातला दुकानदार वर्षानुवर्षं रुपयाला किलो साखर विकत बसलेला असे. "ह्या माणसाचा पत्ता द्या गं कुणीतरी, मी आजच पोतं आणते," असं म्हणून त्या पुस्तक बाजूला सारायच्या आणि आमच्या घरचा बाजार फळ्यावर घ्यायच्या. आधी साखरेला 'सा', डाळीला 'डा', मग हळूच त्यांच्या जागी क्ष आणि य. "क्षला भिता कशाला? आपण अजून न विचारलेला भाव, एवढंच ते." बाजारातही त्या अशाच. भाजीवालीनं मेथी आणि लिंबं मिळून एकच आकडा सांगितला, की बाई अडून बसायच्या, "बेरे बेरे हेळव्वा." वेगवेगळा सांग. भाजीवाली कपाळाला हात लावायची.

बाई मूळच्या अळणावरच्या. भाऊ तिथं लाकडाच्या वखारीत कामाला, आई अंथरुणाला खिळलेली. इथली नोकरी तात्पुरती होती, येत्या जूनमध्ये कायम व्हायची होती. ती झाली की आईला घेऊन यायचं आणि नवनगरला बिऱ्हाड करायचं, हे त्यांनी आम्हा मुलींनाही सांगून ठेवलं होतं. खिडकी कुठल्या बाजूला हवी तेसुद्धा ठरलेलं होतं.

आता धन्याविषयी सांगायला हवं. कमरीपेठेजवळ त्याचं मोठं किराणा दुकान, मागं गोदाम, आणि शाळेच्या कमिटीचा अध्यक्षही तोच. विहाराजवळच्या आमच्या गल्लीतले सगळे बाप्ये त्याच्या गोदामात हमाली करायचे. माझे अप्पाही त्यांतलेच. गल्लीला वाणसामान मिळायचं ते गोदामाच्या मागच्या दारातून. पुढच्या पायरीवर आमची माणसं नकोत म्हणून ते दार होतं, हे आज मला लख्ख दिसतं. पण गल्लीला त्याचा केवढा अभिमान! "धनी आमास्नी मागनं देतात, रांगेत उभं करत न्हाईत," असं अप्पा पाहुण्यांनाही सांगायचे.

त्या दिवाळीला साखर मिळेना. साखर हवी तर डाळ घ्यायची, आणि भाव सुटा सांगायचा नाही, नुसता एकूण आकडा सांगायचा, अशी धन्यानं रीत पाडली. बाईंना आयतंच उदाहरण मिळालं. बँकेतल्या कारकुनाच्या मुलीनं सांगितलं, दोन किलो साखर, एक किलो डाळ, अकरा रुपये. पोस्टमास्तरांच्या मुलीनं सांगितलं, तीन किलो साखर, दोन किलो डाळ, अठरा. समीकरणं सुटली. साखर चार रुपये, डाळ तीन. ताळा जमला.

"शांता, आता तुझा बाजार घाल ह्यात."

आमचा होता एक किलो साखर आणि दोन किलो डाळ. फळ्याप्रमाणे दहा यायला हवे होते, आम्ही दिले होते साडेअकरा. "नीट आठव, कुठं लक्ष असतं तुझं?" बाई माझ्यावर खेकसल्या. मी पुन्हा साडेअकराच सांगितले. तेव्हा त्यांनी आमच्याच गल्लीतल्या पारूला उभं केलं. दोन किलो साखर, दोन किलो डाळ, सोळा. बाईंनी फळ्याच्या दुसऱ्या बाजूला आमच्या गल्लीची दोन समीकरणं वेगळी मांडली. साखर साडेचार, डाळ साडेतीन. ताळा बिनचूक. मागच्या दारानं आम्ही प्रत्येक किलोला आठ आणे जास्त मोजत होतो.

धन्याची नात दुसऱ्या बाकावर बसायची. संध्याकाळच्या आत फळा दुकानात पोचला.

दुसऱ्या दिवशी हेडबाईंच्या खोलीत मला आणि पारूला बोलावणं आलं. धनी खुर्चीत होता, ताळाबाई टेबलाजवळ उभ्या होत्या. भिंतीला लागून आमच्या गल्लीतली हमाल मंडळी उभी होती, पुढं अप्पा. "गणित शाळंत ठेवायचं असतंय बाई," धनी अगदी गोड आवाजात म्हणाला, "दुकानात कशाला आणताय? विचारा की ह्यांनाच." हेडबाईंनी विचारलं. अप्पा खाली बघत म्हणाले, "आमास्नी पुढच्यासारखाच भाव पडतोय." बाकीच्यांनी माना हलवल्या.

बाईंनी एकच प्रश्न विचारला. "अप्पा, म्हणजे तुमच्या पोरीचं गणित चुकलं?"

"चुकलं असंल. पोर हाय."

इतक्या वर्षांनीही मी ते वाक्य विसरलेले नाही. अप्पांच्या पोटाची गोष्ट होती, कळतं मला. पण मी तिथं उभी होते, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हेडबाईंनी तोडगा काढला. मुलींच्या सांगण्यात चूक झाली होती, एवढं बाईंनी वर्गात सांगायचं, की विषय मिटला. बाई दुसऱ्या दिवशी वर्गावर आल्या, आमच्या गल्लीची दोन समीकरणं पुन्हा मांडली, सोडवली, ताळा घेतला. "दोन्ही बाजू सारख्या येतात. शांता आणि पारूचं गणित बरोबर आहे," म्हणाल्या आणि पुढचा धडा काढला. जूनमध्ये त्यांची नोकरी कायम झाली नाही, ती संपली. मला बाईंचाही राग आला होता. जूनपर्यंत दम धरला असता तर काय बिघडलं असतं? त्यांची आई तर हुबळीला आली असती.

आणि आमची गल्ली? दोन भावांचा बोभाटा नको म्हणून धन्यानं मागचं दार बंद केलं. आम्ही पुढच्या रांगेत उभे राहू लागलो आणि आम्हाला पुढचा भाव पडू लागला. प्रत्येक किलोला आठ आणे वाचले, पण गल्लीनं त्याबद्दल बाईंना कधी क्षमा केली नाही. "त्या बाईपायी आपला मान गेला," असं बायका नळावर बोलायच्या. आठ आण्यांचं नाव कुणी काढत नसे. धनी पुढं वारला. आज त्याचा हार घातलेला फोटो शाळेत लागला आहे, तोही आठवीच्या वर्गात.

मी शिकले, धारवाडला कचेरीत लागले. पहिला पगार झाला तेव्हा अप्पांची पाठ कायमची वाकली होती आणि गोदामानं त्यांना घरी बसवलं होतं. पेढ्यांचा डबा त्यांनीच आणला. "अळणावरला जाऊन ये. बाईस्नी सांग, माझ्या पोरीचं गणित बरोबर हुतं."

बाई भावाच्या घरी होत्या. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पडवीत वखारीतल्या कामगारांची पोरं पाढे म्हणत बसली होती. मला ओळखून त्यांनी जवळ बसवून घेतलं, पगार विचारला, खोलीभाडं विचारलं, उरतं किती ते मनातल्या मनात काढलं. पेढे पोरांना वाटून टाकले. मग मी अप्पांचा निरोप सांगितला.

त्या जराही हसल्या नाहीत. "ते मला तेव्हाही माहीत होतं गं. मला सांगून काय उपयोग? तुझ्याकडे बघून म्हणायचं होतं त्यांनी. त्या खोलीत."

हुबळी स्टेशनवर अप्पा वाट बघत उभे होते. "काय म्हणाल्या बाई?" मी त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, एक शब्दही गोड केला नाही. अप्पांनी माझ्याकडे सरळ बघितलं. मग सवयीनं त्यांनी माझी पिशवी खांद्यावर घेतली आणि वाकलेल्या पाठीनं पुढं चालू लागले. पिशवीत रिकामा डबा होता, दुसरं काही नव्हतं.