दादांच्या उशाचा स्पीकर

अ‍ॅम्प्लिफायर मी स्वतः बनवला, हे मी त्या वर्षी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो, हात सोल्डरिंगला चांगला बसला होता आणि अंगात मस्तीही होती. बनवला मात्र दादांसाठी. आई गेल्यावर माझे वडील पाचोडहून आमच्याकडे शहरात राहायला आले, त्याला वर्ष होत आलं होतं. कानांनी मंद झालेले. गावात दिवसभर कुणाशी ना कुणाशी हुज्जत घालणारा हा माणूस इथं गप्पगप्प बसून राहायचा. त्यांना हवा असायचा तो फक्त संध्याकाळचा शेतकऱ्यांसाठीचा रेडिओ कार्यक्रम, आणि आमच्या लहान रेडिओतून तो त्यांना ऐकू येत नसे.

घरात कोंडल्यासारखं होतं म्हणून त्यांना अंगणापलीकडची खोली दिली होती. रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर मी घरातच ठेवला, कारण दादांच्या हाती बटण लागलं की ते पान्यानं नट आवळावा तसं पिळायचे. स्पीकर तेवढा त्यांच्या उशाशी. मधे चाळीस फूट वायर. आता साधी वायर माझ्यासारख्याला कशी चालणार? छावणीच्या बाजारात लष्करानं काढून टाकलेलं सामान वजनावर मिळायचं, आणि ‘मिलिटरीचा माल’ म्हटलं की आम्हा गावकऱ्यांची अक्कल गहाण पडायची. तिथून मी तांब्याच्या जाळीत गुंडाळलेली जाडजूड वायर आणली आणि भिंतीवरून एका रेषेत ठोकली. बायको म्हणाली, “वायर आहे की दागिना?” मी फुशारलो.

पहिल्या संध्याकाळी दादांनी दोन मिनिटं ऐकलं आणि कानांवर हात ठेवले.

“आवाज येतोय रं, पर कानात कुसळं टोचत्यात.”

मी ट्रान्झिस्टर बदलले. पॉवर सप्लाय बदलला. कुसळं काही जाईनात. शेवटी मशीन कॉलेजात नेलं. अ‍ॅम्प्लिफायरची परीक्षा घ्यायची एक रीत असते. त्याला स्क्वेअर वेव्ह द्यायची, म्हणजे सरळ चढणारी, सपाट चालणारी आणि सरळ उतरणारी चौकोनी लाट, आणि बाहेर काय पडतं ते सीआरओच्या हिरव्या पडद्यावर बघायचं. कोपरे शाबूत असले तर मशीन निरोगी. कोपऱ्यापाशी रेघ थरथरली तर ते रिंगिंग, म्हणजे आत काहीतरी बिनसलंय. माझे कोपरे अगदी बर्फीच्या वडीसारखे होते.

घरी येऊन मी दादांना म्हणालो, “मशीन बरोबर आहे. तुमचे कानच गेलेत.”

आज हे लिहितानाही लाज वाटते.  जेवताना दादांनी माझ्या बायकोला सांगितलं, “येत्या बाजाराच्या गाडीनं जातो गावाकडं. आता तिकडंच राहीन.” गावात त्यांच्या घरी दिवा लावायलाही कुणी नव्हतं. बाजार चार दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी नुसताच त्या मशीनकडं बघत बसलो होतो. आमचे लॅब असिस्टंट छावणीत राहणारे, वयानं माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे. त्यांना सगळे चाचा म्हणत. मी वर्गात शिकवायचो आणि ते उपकरणं पुसून ठेवायचे, असा माझा समज होता. त्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली. टेबलावर स्पीकरच्या जागी एक रेझिस्टर आणि हातभर वायर लावलेली होती, तिच्याकडं बघितलं.

“सर, मरीज को लाये, मगर उसकी खाट घर में छोड को आये.”

मला कळेना.

“जो वायर घर में लगाये ना, वो लाओ.”

दुपारी घरी जाऊन मी खिळे उपटायला लागलो. दादा दारात उभे होते. “काढून टाकतूयस? बरं केलंस,” म्हणाले. मी वेटोळं खांद्यावर टाकून सायकल हाणली.

चाचांनी ती वायर जोडली आणि पडद्यावरचा प्रत्येक कोपरा थरथरायला लागला, सुटलेल्या स्प्रिंगसारखा. माझी ऐटबाज वायर स्वतःच एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून धरणारा भाग, झाली होती, आणि तिच्या ओझ्यानं अ‍ॅम्प्लिफायर कापत होता. आवाज चढला की तीच कुसळं दादांच्या कानात जात होती. आणि मी? मी आतल्या खोलीत दुसरा स्पीकर लावून खूश झालो होतो. दादांच्या खाटेवर बसून एकदाही ऐकलं नव्हतं.

चाचांनी एका जाड रेझिस्टरवर इनॅमलच्या तारेचे दहाबारा वेढे घातले आणि ती कॉइल अ‍ॅम्प्लिफायर आणि वायर यांच्या मधे डाग देऊन बसवली. थरथर निवली.

“अब्बा के कान एकदम दुरुस्त हैं, सर,” एवढंच ते म्हणाले. टोमणा नाही, काही नाही. मला ते चारचौघांत सहज खाली पाडू शकले असते. त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही, आणि त्यानंतर कुणाच्या तक्रारीला मी एकदम खोटं म्हटलेलं नाही.

संध्याकाळी वायर पुन्हा ठोकली, रेडिओ लावला. या वेळी मी दादांच्या खोलीच्या पायरीवर जाऊन बसलो. दादा मान खाली घालून ऐकत होते. कपाशीच्या दोन ओळींत किती अंतर ठेवावं ते कुणीतरी साहेब सांगत होते.

“खोटं बोलतोय त्यो!” दादा एकदम कडाडले. “आमच्या काळ्या रानात एवढ्या दाट वळी? ह्येनं कधी औत धरलं का?”

वर्षभरात त्यांचं हे पहिलं भांडण. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

कार्यक्रम संपल्यावर मी म्हणालो, “दादा, चूक माझी होती. तुमचे कान बरोबर होते.”

“काय म्हनतो?”

मी जरा मोठ्यानं म्हणालो. त्यांनी कानामागं हात धरला. शेवटी मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. शेजारच्या काकू हातात सूप धरून बाहेर आल्या. कॉलेजातल्या सरांची चूक होती, हे सगळ्या गल्लीला कळलं.

“आलं व्हतं रं ऐकू,” दादा म्हणाले, “पहिल्याच येळंला. आता जा, सूनबाईला सांग, बाजाराच्या गाडीनं जायचं नाय म्हनून.”