थिएटरातला उतार

आमच्या गावातलं जुनं थिएटर आधी कापसाचं गोदाम झालं, आता मंगल कार्यालय आहे. पडदा होता तिथे नवरानवरी बसतात. जमिनीचा उतार मात्र कुणाला घालवता आला नाही. परवा एका लग्नात एकटाच जेवायला बसलो, तर ताटातली आमटी पडद्याच्याच दिशेला ओघळली. इमारतीला नवं काम देता येतं, जुनी सवय मोडता येत नाही.

जेवून उठतोय तोच वीज गेली. थिएटरला खिडक्या कुठल्या? भरदुपारी काळोख. मी चाचपडत निघालो, आणि पायांपुढे उजेडाचा गोल पडला. पूर्वी इथे बॅटरी दाखवून लोकांना खुर्चीपर्यंत नेणारे शंकरमामा आता इथलेच राखणदार आहेत. उजेड तोंडावर मारायचा नाही, पावलांपुढे धरायचा, ही त्यांची रीत.

"सावकाश या, पायरी आहे."

मी उतरलो. उजेड मात्र पायरीवरच थांबला. सिनेमाच्या दिवसांत दर रविवारी माझ्यामागून माझी बायको सुमन उतरायची, साडी सावरत, जरा वेळ घेत.

ती गेल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. मीही सांगितलं नाही. तिला उतरायला लागायचा तेवढा वेळ थांबलो.