आठवीचा वर्ग, पूर्ण सहमत

नवरा गेला त्या वर्षी मी आठवीच्या मुलांची संगणकाविषयीची अभिवृत्ती मोजत होते. अभिवृत्ती म्हणजे, साध्या भाषेत, त्यांना त्याबद्दल काय वाटतं ते. मला स्वतःला तेव्हा कशाबद्दलच काही वाटत नव्हतं. भेटायला येणाऱ्या बायका माझे कोरडे डोळे बघून आपसांत कुजबुजायच्या. सासूबाई रोज सकाळी डबा भरून द्यायच्या आणि संध्याकाळी तो जसाच्या तसा परत घ्यायच्या. मुलगा त्यांचा गेला होता, आणि काळजी माझी करत होत्या. मला त्यांची दयासुद्धा येत नव्हती.

एम.एड.चा प्रबंध अर्धा झाला होता, म्हणून पुढे रेटला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पंचवटीतल्या आमच्या शाळेत संगणक नव्हता. पुढच्या वर्षी येणार, असं मुख्याध्यापक दर वर्षी सांगत. कुणी संगणक पाहिलाय का, मी वर्गात विचारल्यावर एका मुलाने हात वर केला. नाशिकरोड स्टेशनवर आहे म्हणाला, वर उभं राहून नाणं टाकलं की वजन सांगतो, शिवाय भविष्यही. एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी बस खाली म्हणाले, हे माझ्या परीक्षेसाठी आहे एवढं सांगितलं आणि प्रश्नावली वाटली.

मार्गदर्शक सर मोठे संशयी. मुलांची लबाडी पकडायला त्यांनी उलटसुलट विधानं घालायला लावली होती. आधी 'मला संगणक शिकायला आवडेल', आणि पुढे कुठेतरी 'संगणकापासून लांब राहिलेलंच बरं'. प्रत्येकापुढे 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत चौकटी.

मधल्या सुट्टीत कागद चाळले. अख्ख्या वर्गाने सगळीकडे 'पूर्ण सहमत'वर खूण केली होती. शिकायला आवडेल, पूर्ण सहमत. लांब राहिलेलंच बरं, पूर्ण सहमत. इतकी मठ्ठ नव्हती ती. सगळी मेहनत पाण्यात गेली होती आणि मला साधा रागही येईना. वर्गाच्या मॉनिटर मुलीला बोलावून विचारलं, हे काय केलंत.

ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली. मग म्हणाली, "बाई, तुमची परीक्षा आहे ना? आम्ही ठरवलं, सगळ्याला हो म्हणायचं. ह्या वर्षी तरी तुम्ही नापास व्हायला नको."

मी तिला जा म्हटलं. रडू आलं नाही. भूक लागली, सपाटून. डबा उघडला. पोळीखाली लसणाची चटणी होती, मला आवडते तशी, भरपूर तिखट. रोज असणार. मी डबा चाटूनपुसून खाल्ला.

ते कागद सरांनी अर्थातच बाद केले आणि मला दुसऱ्या शाळेत पुन्हा मोजायला पाठवलं. पण ते नंतर. त्या संध्याकाळी सासूबाईंनी डबा हातात घेतला, हलका लागला म्हणून उघडून पाहिला.

"कुणाला दिलास?"

मीच खाल्ला, म्हटलं. त्या मोरीपाशी तशाच खाली बसल्या, रिकामा डबा मांडीवर घेऊन, आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.